दगडात कोंडलेले पाणी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पेठ येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या नियोजित सभागृहाचे अंदाजपत्रक सकाळच्या बैठकीत वाचून दाखविण्यात आले. त्यातील दोन बाबींवर फारशी चर्चा झाली नाही. पहिली बाब विजेच्या वायरिंगची. दुसरी दर्शनी भिंतीवर बसवावयाच्या चकचकीत पत्र्याची, ज्याला बाजारात एसीपी म्हणतात. दोहोंसाठी दोन-दोन दरपत्रके आलेली आहेत आणि रिवाजाप्रमाणे कमी दराचे स्वीकारावे असा सर्वांचा कल दिसला. मला व्याख्यानासाठी ‘विज्ञानातील काही गमती’ असा मोघम विषय देण्यात आला होता. मंडळाची क्षमा मागून मी तो थोडा अरुंद करतो. प्लास्टिक जळते कसे, आणि त्यात दगडाची भुकटी कालविली असता ते जळण्यास कुरकुर का करते, एवढेच मी आज सांगणार आहे. त्यावरून त्या दोन दरपत्रकांचा निर्णय सभेने करावा.

प्लास्टिक म्हणजे काय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पिशव्या, पाइप, शेततळ्याचा कागद ज्यापासून होतो ते पॉलिथिलीन रासायनिक दृष्ट्या मेणबत्तीच्या मेणाचे सख्खे भावंड आहे. मेणाची साखळी आखूड, पॉलिथिलीनची फार लांब, एवढाच भेद. एक किलो वाळलेले लाकूड जाळले तर जी उष्णता निघते, तिच्या अडीच ते तीनपट उष्णता एक किलो पॉलिथिलीन देते. ती जवळजवळ रॉकेलाच्या बरोबरीची असते. फरक इतकाच की रॉकेल आपण डब्यात बंद करून, चुलीपासून दूर ठेवीत होतो. आणि प्लास्टिक मात्र भिंतीत, छतात, उशाशी, सर्वत्र पसरून ठेविले आहे.

आता जळण्याची क्रिया पाहू. लाकूड असो की प्लास्टिक असो, ज्वाला लागते ती त्या घन पदार्थाला नव्हे. उष्णतेने पदार्थाचे तुकडे पडून त्यांचा वायू होतो, तो वायू हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो, त्यातून पुन्हा उष्णता निर्माण होते, आणि ती उष्णता पदार्थावर उलटून आणखी वायू काढते. हे रहाटगाडगे एकदा चालू झाले की बाहेरून काडी लावण्याची गरज उरत नाही. आग आवरावयाची म्हणजे या रहाटाची एखादी कडी तोडावयाची. ती कोठे तोडावी याविषयी रसायनशास्त्रज्ञांनी दोन मार्ग काढलेले आहेत.

पहिला मार्ग क्लोरीन व ब्रोमीन यांचा. ज्वालेमध्ये हायड्रोजनचे व हायड्रॉक्सिलचे अत्यंत चपळ कण असतात आणि तेच ज्वलनाची साखळी पुढे नेतात. क्लोरीन किंवा ब्रोमीन यांची संयुगे तापली की त्यांतून निघणारी आम्ले त्या कणांना पकडून निष्प्रभ करितात. अँटिमनी ऑक्साइडची जोड दिली तर हे काम अधिक चोख होते. आपल्या घरातील नेहमीच्या वायरीचे आवरण ज्या पीव्हीसीचे असते, त्याच्या शुद्ध राळेत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीनच असतो. म्हणून पीव्हीसी स्वभावतः लवकर पेट घेत नाही. परंतु वायर वाकावी म्हणून त्यात तेलकट पदार्थ घालावे लागतात. ते जळाऊ असतात, आणि मूळचा गुण बराचसा तेथेच नाहीसा होतो.

या मार्गात आग मंदावते हे खरे. पण त्याची किंमत श्वासाला द्यावी लागते. पीव्हीसी तापले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. नाकाच्या, घशाच्या, डोळ्यांच्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की त्याचे मिठाचे आम्ल बनते, म्हणजे आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कुलपात ठेवीत असू तेच आम्ल. शिवाय दाट काळा धूर होतो. भंगार गोळा करणारी मुले तांब्यासाठी वायरीची भेंडोळी जाळतात, त्या बाजूने ज्याला वाऱ्याखालून जावे लागले आहे त्याला याहून अधिक वर्णनाची गरज नाही. ब्रोमीनच्या काही संयुगांची तर आणखी निराळी तक्रार आहे. ती वस्तूतून हळूहळू बाहेर पडून माती, मासे आणि आईचे दूध यांपर्यंत पोचल्याचे आढळले, म्हणून स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय करारात त्यांपैकी काहींना २००९ साली आणि आणखी एका प्रमुख संयुगाला २०१७ साली वर्ज्य पदार्थांच्या यादीत घालण्यात आले.

आगीत माणसे भाजूनच मरतात अशी आपली समजूत असते. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागली आणि दहा बालके दगावली. त्यांतील अधिक बालके भाजून नव्हे, धुराने गुदमरून गेली. मुंबईच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर चौदा जण मृत्यू पावले, तेथेही बहुतेकांचा जीव गुदमरूनच गेला. लग्नाच्या सभागृहात पाचशे माणसे बसलेली असतात. लहान मुले झोपलेली असतात, म्हातारी माणसे भिंतीशी टेकलेली असतात. अशा ठिकाणी ज्वाला वायरीपुरतीच राहिली तरी दिवे जाऊन आम्लयुक्त धूर खाली उतरू लागला म्हणजे दारे सापडत नाहीत. म्हणून ‘वायर पेटत नाही’ एवढे विक्रेत्याने सांगितल्याने आपले समाधान होता कामा नये. ‘तापल्यावर ती काय ओकते?’ हाही प्रश्न आपण विचारावयास हवा.

दुसरा मार्ग दगडाचा, आणि तोच माझा आजचा मुख्य विषय होय.

हा मार्ग कल्पनेने फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ८७ साली रोमन सेनापती सुल्ला याने अथेन्सच्या पिरेयस बंदरास वेढा घातला असता शत्रुपक्षाचा एक लाकडी मनोरा काही केल्या पेटेना, कारण त्याला तुरटी चोपडलेली होती, अशी हकीकत रोमन ग्रंथकाराने नमूद केली आहे. हीच तुरटी आपण गढूळ पाण्यात फिरवितो आणि न्हाव्याच्या पेटीत पाहतो. तिच्यात आगीशी झुंजण्याचे बळ कोठून येते? तुरटीचा खडा हाताला कोरडा लागतो, पण त्याच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग पाणी असतो. ते पाणी स्फटिकात बांधलेले असते. खडा तव्यावर टाकला की तो प्रथम वितळतो, मग फसफसून फुलतो आणि हलका पोकळ लाह्यासारखा होतो. आमच्या आया-आज्या तोंड आल्यावर लावावयास ही फुललेली तुरटी करून ठेवीत. ते फसफसणे म्हणजे कोंडलेल्या पाण्याची सुटका.

ओले सरपण चुलीत घातले की काय होते, हे येथे बसलेल्या भगिनींना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. लाकडातील पाणी आटेपर्यंत चूल रडते. कागदाचा द्रोण करून त्यात पाणी घालावे आणि खाली मंद ज्योत धरावी. पाणी आहे तोवर कागद जळत नाही, कारण आलेली उष्णता पाणी खाऊन टाकते. (पूर्वी हा प्रयोग मी सातवीच्या वर्गात जाड जुन्या कागदावर करीत असे. जुन्नरी कागदाची ख्याती ज्या तालुक्यातून दूरवर गेली, त्या तालुक्याच्या शेजारी हे शोभूनही दिसे.) एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. सहज सापडणाऱ्या पदार्थांत एवढी मोठी भूक असलेला दुसरा पदार्थ क्वचितच सापडेल.

मग प्लास्टिकमध्ये पाणीच का मिसळू नये? ते मिसळत नाही आणि राहत नाही. तुरटी का घालू नये? ती ९२ अंशांवरच वितळते. फळ्यावर लिहिण्याच्या खडूतील जिप्सम घ्यावे, तर त्यातही २१ टक्के पाणी आहे. भिंती-छताच्या जिप्सम बोर्डांना आगीपुढे काही काळ उभे राहण्याचे बळ त्याच पाण्याने मिळते. पण जिप्समचे पाणी शंभर-दीडशे अंशांच्या दरम्यान सुटू लागते, आणि वायरीचे प्लास्टिक यंत्रातून ओतताना दीडशे ते एकशेऐंशी अंशांपर्यंत तापवावे लागते. म्हणजे ते पाणी कारखान्यातच उडून जाईल आणि वायरीवर फोड येतील. उलट साधी चुनखडी घेतली तर तिचे विघटन आठशे अंशांच्या पुढे होते. तोपर्यंत प्लास्टिकची राख झालेली असणार. कोंडलेले पाणी बाहेर पडावयास हवे ते यंत्राच्या उष्णतेनंतर आणि प्लास्टिक पेटण्याच्या अगोदर. एवढ्या अरुंद फटीत बसणारा, विषारी नसलेला आणि परवडणारा दगड निसर्गात थोडाच आढळतो.

असा दगड म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. ही पांढरी शुभ्र, निरुपद्रवी भुकटी आम्लपित्ताच्या औषधातही वापरतात. वैज्ञानिक काटेकोरपणा राखावयाचा तर तीत पाणी पाणी म्हणून नसते. पाण्याचे घटक धातूशी जखडलेले असतात, आणि सुमारे २०० अंशांच्या पुढे ते एकमेकांशी जुळून वाफेच्या रूपाने निघतात. या वाफेचे वजन भुकटीच्या वजनाच्या ३४.६ टक्के भरते. एक किलो भुकटीतून ३४६ ग्रॅम पाणी, म्हणजे उकळबिंदूवर मोजल्यास सुमारे ६०० लिटर वाफ. हे विघटन घडण्यास दर ग्रॅमला साधारण २८० कॅलरी लागतात. म्हणजे एक किलो भुकटी जेवढी उष्णता गिळते, तेवढीत माठातले चार लिटर पाणी आधण येण्याच्या बेतास नेता येईल. ही उष्णता ती आगीतून उसनी घेते आणि परत करीत नाही.

ज्या प्लास्टिकचे काम दोनशे अंशांच्या वर चालते, उदाहरणार्थ पॉलिप्रोपिलीन किंवा नायलॉन, त्यांच्यासाठी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घेतात. त्याचे पाणी ३१ टक्के असते व ते तीनशे अंशांच्या पुढे सुटते. जुलाबाचे पांढरे औषध म्हणून तेही आपल्या परिचयाचे आहे.

या भुकटीची कामगिरी एकाच प्रकारची नाही. उष्णता गिळल्याने प्लास्टिक थंड राहते व त्यातून जळाऊ वायू निघण्यास विलंब लागतो. निघालेली वाफ त्या वायूत मिसळून त्याला पातळ करिते, जसे दुधात पाणी घालावे तसे. मागे उरलेले ऑक्साइड पृष्ठभागावर साचून कवच धरते. रात्री निखारा राखेत पुरून ठेवीत असत तो सकाळपर्यंत टिके, कारण राख त्याला हवा लागू देत नसे. येथेही तोच न्याय. धुरातील काजळीचे कणही या कवचावर बरेचसे अडकतात आणि धूर फिका होतो. शिवाय सर्वांत साधी गोष्ट अशी की ज्या किलोभर आवरणात ६०० ग्रॅम दगड आहे, त्यात जळण्यासारखे फक्त ४०० ग्रॅमच उरले.

आणि ६०० ग्रॅम हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. गोम येथेच आहे. क्लोरीन-ब्रोमीनची मात्रा थोडी पुरते. दगड मात्र निम्म्याहून अधिक, साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत घालावा लागतो, तेव्हा कोठे उपयोग होतो. भाकरीच्या पिठात पाणी कमी पडले की भाकरी कडांना चिरते. तद्वत इतकी भुकटी सामावून घेताना प्लास्टिक ताठ व ठिसूळ होऊ पाहते. म्हणून भुकटी मैद्याहून बारीक दळावी लागते, तिच्या कणांवर प्लास्टिकशी सख्य करील असा पातळ लेप द्यावा लागतो, आणि मूळचे प्लास्टिकही मऊ जातीचे निवडावे लागते. ही मेहनत किमतीत येते. शून्य क्लोरीनची वायर महाग पडते ती यामुळे. विक्रेता लुबाडतोच असे नव्हे. ओलाव्याच्या जागी व घासाघाशीच्या ठिकाणी ती पीव्हीसीपेक्षा नाजूक ठरू शकते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हा दगड येतो कोठून? ऐकून आनंद वाटेल की तो आपल्याच सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. आपल्या पायाखालचा जो काळा पाषाण, त्याच पाषाणावर लक्षावधी वर्षे उष्ण पावसाळे कोसळले. विरघळणारे ते वाहून गेले, आणि माथ्यावर जांभा व बॉक्साइट उरले. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीच्या पठारावर बॉक्साइटची खाण प्रसिद्ध आहे, आणि त्या भागातील बॉक्साइटवर बेळगावचा ॲल्युमिनाचा कारखाना उभा राहिला. पूर्वी तो इंडाल कंपनीचा होता, आता हिंडाल्कोचा आहे. तेथे अवलंबिली जाणारी कृती ऑस्ट्रियाच्या कार्ल योझेफ बायर याने १८८७-८८ च्या सुमारास शोधून काढली. लाल दगड दळून दाहक सोड्याच्या द्रावणात दाबाखाली शिजवितात, तांबडा गाळ वेगळा काढतात, आणि निवळ द्रावण थंड करून त्यात जुनेच थोडे स्फटिक घालतात. दुधाला विरजण लावावे तसेच हे. मग सारे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड पांढरे होऊन खाली बसते. त्याचा मोठा भाग भाजून पुढे ॲल्युमिनियम धातूकडे जातो. पण काही भाग तसाच वाळवून, ‘हायड्रेट’ या नावाने तुरटी, काच, रबर आणि प्लास्टिक यांच्या कारखान्यांना पुरविला जातो. ज्या पावसाने कोल्हापूरचे माथे धुतले, त्याच पावसाचे पाणी दगडात अडकून वायरीच्या आवरणात येऊन बसावे, हा योगायोग मला तरी मोठा मनोहर वाटतो.

असो. आता आपल्या दरपत्रकांकडे वळतो.

वायरीच्या भेंडोळ्यावर ‘एफआर’ असे छापलेले असते. ती आग पसरविण्यास विरोध करणारी पीव्हीसीच होय. तिच्यावरची ‘एफआर-एलएसएच’ ही जात कमी धूर व कमी आम्ल देते. तिच्यात आम्ल शोषण्यासाठी चुनखडी आणि अनेकदा थोडे हायड्रेट असते. तरी क्लोरीन असतोच. या जाती आयएस ६९४ या मानकात येतात. ‘एचएफएफआर’ म्हणजे क्लोरीन-ब्रोमीन मुळीच नसलेली, दगडावर विसंबणारी वायर. तिच्यासाठी आयएस १७०४८ हे स्वतंत्र मानक २०१८ साली निघाले. आपल्याकडील दोन दरपत्रकांपैकी स्वस्त दरपत्रकात नुसते ‘चांगल्या प्रतीची एफआर वायर’ असे लिहिले आहे. घरापुरते मी त्याला हरकत घेतली नसती. पाचशे माणसांच्या बंद सभागृहात, आणि विशेषतः जिन्यात व बाहेर पडण्याच्या वाटेवर, एचएफएफआरच असावी असे माझे स्पष्ट मत आहे. स्वयंपाकघराच्या मागील ओल्या भिंतीवर नळीतून नेलेली पीव्हीसी चालेल. पैसा तेथे वाचवावा.

कोणी म्हणेल, मास्तर, वायर महागाची घातली म्हणजे आग लागणारच नाही का? लागेल. कमी जाडीच्या वायरीवर जास्त भार टाकला, अर्थिंग नसले, वारंवार पडणारी एमसीबीची कळ काढून तिच्याहून मोठी बसविली, तर कोणताही दगड पुरा पडत नाही. कोंडलेले पाणी संपले की संपले. मोठ्या आगीत ही वायरही जळते. ती जे देते ते केवळ काही मिनिटे, आणि त्या मिनिटांत डोळे उघडे ठेवता येतील इतपत हवा. पण सभागृह रिकामे होण्यास लागतात ती मिनिटेच.

आता दर्शनी पत्रा. मंचर-नारायणगावच्या कोणत्याही पेठेत नव्या दुकानांचे कपाळ या पत्र्याने मढविलेले दिसते. तो पत्रा दिसतो. असतो मात्र पोळीत पुरण भरावे तसा. बाहेरून ॲल्युमिनियमचे दोन पातळ पापुद्रे, आणि मध्ये, चार मिलिमीटरच्या पत्र्यात, सुमारे तीन मिलिमीटर गाभा. स्वस्त मालात हा गाभा निव्वळ पॉलिथिलीनचा असतो. आपल्या दर्शनी भागाचे क्षेत्र हजार चौरस फूट धरले, तर तीन मिलिमीटर जाडीने ते पॉलिथिलीन अडीचशे किलो भरते. उष्णतेच्या हिशेबाने, प्रवेशद्वाराच्या डोक्यावर तीनशे लिटर रॉकेल टांगून ठेवावे तसे हे झाले. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीला १४ जून २०१७ रोजी लागलेली आग अशाच गाभ्याच्या पत्र्यावरून वर चढली आणि ७२ माणसे गेली. दगडभरल्या गाभ्याचा पत्रा मिळतो. त्यात साधारण सत्तर टक्के खनिज व तीस टक्के प्लास्टिक असते. त्याहून वरच्या जातीत खनिज नव्वद टक्क्यांच्या पुढे जाते. आणि माझे विचाराल तर पत्राच नको. आपल्या घडीव काळ्या दगडाची भिंत उघडी ठेविली तर तिला ना गाभा, ना दरपत्रक. परंतु शोभेच्या बाबतीत तरुण मंडळींचा शब्द चालावा, हे मला मान्य आहे. पत्राच हवा असेल तर मागणीपत्रात गाभ्यातील खनिजाचे प्रमाण लिहून घ्यावे, वायरीच्या मागणीपत्रात मानकाचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि माल उतरताना तपासूनच घ्यावा.

तपासणी अवघड नाही. तांब्याची उघडी तार ज्योतीत लाल करून वायरीच्या आवरणाला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन किंवा ब्रोमीन आहे असे समजावे. निळा लिटमस कागद ओला करून जळत्या तुकड्याच्या धुरात धरला आणि तो लाल झाला, तर आम्ल आहे. पत्र्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटविला असता निव्वळ प्लास्टिकचा गाभा मेणासारखा पेटते थेंब गाळतो. दगडाचा गाळीत नाही, नुसता करपून उभा राहतो. दोन्ही दरपत्रकांबरोबर आलेले नमुने, स्पिरिटचा दिवा, चिमटा आणि लिटमसची पुडी मी बरोबर आणली आहे. कार्यकारी मंडळाच्या सभासदांनी सभा संपल्यावर मागच्या अंगणात यावे. वारा सध्या पश्चिमेकडून आहे, तेव्हा सर्वांनी दिव्याच्या पश्चिमेस उभे राहावे.